जागीच

९ फेब्रुवारी

हवालदार ताईंना नमस्कार,

मी कोण, हे तुम्हाला आठवेल की नाही ठाऊक नाही. तुमच्या खात्यात अशी घरं पुष्कळ असणार. तिसरा मजला, निळं दार, गणिताची रिटायर झालेली बाई. तीन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास तुम्ही माझ्याकडे आलात, तेव्हा मी स्टुलावर चढून पंखा पुसत होते.

दार उघडंच होतं. तुम्ही आत आलात, दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलंत आणि म्हणालात, "बाई, आधी खाली उतरा." मी म्हटलं, "एवढं एक पातं राहिलंय." तुम्ही म्हणालात, "राहू दे ते." मग मला खुर्चीत बसवून तुम्ही त्याच स्टुलावर समोर बसलात आणि सरळ सांगितलंत, "तुमच्या धाकट्या बहिणीच्या स्कूटरला ट्रकनं उडवलं. ती गेली. जागीच. तिला काही कळलंसुद्धा नाही. मी स्वतः तिथूनच आलेय."

चाळीस वर्षं मी मुलींना बजावत आले की आधी रीत लिहा, मग उत्तर. तुम्ही आधी उत्तर सांगितलंत आणि रीत नंतर, मी विचारेन तशी. ते फार बरं झालं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींना त्यांच्या भावाच्या वेळी कोणीतरी फोनवर "जरा सीरियस आहे, या" एवढंच सांगितलं होतं. पाच तासांच्या प्रवासात त्या बिचाऱ्या दवाखान्यात लागतील म्हणून चादरी आणि थर्मास सांभाळत गेल्या. माझं तसं झालं नाही.

आम्ही दोघी बहिणीच. लग्न कोणीच केलं नाही. मी शाळेत होते, ती झेरॉक्सचं दुकान चालवायची. आता घरात मी आणि पंखा. तरी रात्री डोळा लागतो, तो तुमच्या त्या 'जागीच' या शब्दावर. तिला काही कळलं नाही, एवढ्यावर मी कूस बदलते.

म्हणून तुमच्या साहेबांनाही दोन पानी पत्र लिहिलंय. पोलिसांना शिव्या घालायला सगळे पुढे, चांगलं लिहायला कोणाला वेळ नसतो. ते तुमच्या कागदपत्रांत लागलं पाहिजे, असं मुद्दाम लिहिलंय. फोन त्या दिवसापासून बंद करून ठेवलाय, सांत्वनाचे फोन नकोत. म्हणून हे टपालानं.

तुमची,
निळ्या दाराची बाई


१६ मार्च

बाईंना नमस्कार.

पत्राला उत्तर द्यायला महिना लागला, राग मानू नका. हे पत्र वाचल्यावर कदाचित खरंच राग येईल. उत्तर मात्र घरच्या पत्त्यावर पाठवा, पाकिटावर लिहिलाय. ठाण्यातलं टपाल आधी साहेब उघडतात.

तुम्ही म्हणता मला आठवणार नाही. मला सगळी घरं आठवतात बाई. दारांचे रंग, गॅसवर काय होतं, टीव्हीवर काय चाललं होतं.

सहा वर्षांपूर्वी एक हवालदार रजेवर होता म्हणून मला अशा निरोपाला पाठवलं. त्या घरच्यांनी साहेबांना कळवलं, बाईंनी फार नीट सांगितलं. झालं! तेव्हापासून आमच्या हद्दीत कोणीही गेलं की मी. ठाण्यात मला 'तार' म्हणतात. प्रेमानंच म्हणतात, पण मी कॅन्टीनमध्ये शिरले की पोरं गप्प होतात. पूर्वी तार आली की लोक वाचायच्या आधी रडायचे म्हणे, तसंच.

घरी काय सांगू? मागे एकदा शेजारच्या वहिनींकडे स्क्रूड्रायव्हर मागायला गेले. ड्यूटीवरून आलेली, अंगात युनिफॉर्म. त्यांनी दार उघडलं, मला पाहिलं आणि तिथेच मटकन खाली बसल्या. त्यांचा मुलगा परगावी असतो. "अहो, स्क्रूड्रायव्हर हवाय फक्त," मी ओरडून सांगतेय आणि त्यांना ऐकूच येईना. आता आमच्या मजल्यावर माझी चाहूल लागली की कड्या लागतात. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. मी घरी आले की ती माझ्याकडे बघायच्या आधी घरात बघते. बाबा आहेत, आजी आहे. मग मला 'आई' म्हणते. नवरा लिफ्टचा मेकॅनिक. तो काहीच विचारत नाही. पाणी आणून देतो आणि दुसऱ्या खोलीत जातो.

जानेवारीत मी बदलीचा अर्ज दिला होता. रेकॉर्डची खोली, जुन्या फायली, बास. साहेब सही करणारच होते. तेवढ्यात तुमचं पत्र आलं. त्यांनी ते सकाळच्या हजेरीला सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. टाळ्या झाल्या. मग अर्ज माझ्या हातात परत ठेवून म्हणाले, "अशा माणसाला मी फायलींत कोंडू?" त्यांच्या टेबलाच्या काचेखाली मला आलेली एकवीस पत्रं आहेत. तुमचं बाविसावं.

म्हणून एक मागणं आहे. माझ्याविरुद्ध तक्रार लिहा. बाई उद्धट होती, घाईत होती, निरोप सांगता सांगता फोनवर बोलत होती, काहीही लिहा. तुमच्यासारख्या बाईंनी लिहिलं तर साहेबांना ऐकावं लागेल. एवढं करा.

तुमची,
हवालदार


२५ मार्च

हवालदार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही थकला आहात, हे दिसतंय. पंधरा दिवस रजा घ्या, झोपा, मुलीला घेऊन कुठेतरी जा. थकलेल्या मुलींना सोपी बेरीजसुद्धा चुकते, हे मी आयुष्यभर पाहिलंय.

पण तक्रार मी लिहिणार नाही. एक तर ती खोटी. दुसरं, तुमचीच नोकरी अडचणीत येईल आणि उद्या तुम्हीच मला दोष द्याल. आणि तिसरं तुम्हाला कळायला हवं होतं. माझ्या बहिणीच्या मरणाच्या बाबतीत माझ्यापाशी एकच खरी गोष्ट आहे, आणि ती तुम्ही दिलेली आहे. तिच्यावर मी खोट्याचा कागद चिकटवू? चांगलं काम करणाऱ्याला जास्त काम मिळतं, हे शाळेतही असंच होतं. सगळी स्नेहसंमेलनं माझ्याच गळ्यात पडायची. मी काही मुख्याध्यापकांना शिव्या द्यायला पालक गोळा केले नाहीत.

रागावून लिहीत नाहीये. काळजीनं लिहितेय.

बाई


२ एप्रिल

बाई,

स्नेहसंमेलनं! ठीक आहे.

काल एका घरी गेले होते. बापानं दार उघडलं आणि माझ्याकडे बघून हसून म्हणाला, "या या, पासपोर्टच्या चौकशीला का?" त्याच्या मुलाचा पासपोर्ट यायचा होता. मी नाही म्हटलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे. घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून बसले. मुलगी दार वाजवत राहिली, मला कडी काढता येईना. शेवटी नवऱ्यानं कडी उचकटली. वहिनींकडच्या त्याच स्क्रूड्रायव्हरनं.

तुम्ही खोटं लिहिणार नाही म्हणता ना? मग खरं देते, ते लिहा. तुमची बहीण जागीच गेली नाही. वीस मिनिटं जिवंत होती. शुद्धीवर होती, बोलत होती. ॲम्ब्युलन्स रेल्वेच्या फाटकात अडकली होती. मी तुम्हाला खोटं सांगितलं. मी सगळ्यांनाच 'जागीच' सांगते, तेच सोपं पडतं. तुम्हालाही आणि मलाही.

पोलिसानं मृताच्या घरच्यांना खोटी माहिती दिली. आहे की नाही तक्रार करण्यासारखं? तारीख, वेळ सगळं तुमच्याकडे आहे. लिहा आता.

हवालदार


११ मे

हवालदार बाईंस,

एप्रिल कसा गेला ते सांगत नाही. कूस बदलायला काही उरलं नाही, एवढंच.

तक्रार लिहून तयार आहे. चार पानं झाली. पाकिटावर तिकीटही लावलंय. टाकायला दोनदा खाली उतरले आणि परत आले. टाकली तर तुम्ही सुटाल आणि मला पुढचं काही कळणारच नाही, म्हणून.

ती वीस मिनिटं मला हवी आहेत. ती बोलत होती म्हणालात. काय बोलत होती? एक शब्द गाळायचा नाही आणि मला बरं वाटावं म्हणून एक शब्द घालायचा नाही. मग मी पेटीत टाकायचं की नाही ते ठरवेन.


१५ मे

बाई,

पहिल्यापासून लिहिते.

मी त्या चौकातून दुसऱ्याच कामाला चालले होते. आवाज माझ्या पाठीमागे झाला. ट्रकवाला पळाला नाही, फूटपाथवर डोकं धरून बसला. तुमची बहीण दुकानांच्या बाजूला उताणी पडली होती. तिला हलवायचं नव्हतं, म्हणून मी रस्त्यावर तिच्या डोक्यापाशी बसले आणि दोन्ही हातांनी डोकं स्थिर धरलं. ऊन तोंडावर येत होतं. एका दुकानदारानं पुठ्ठा धरला.

दुखत नव्हतं, हे खरं आहे. कमरेखालचं तिला काही कळत नव्हतं. मला म्हणाली, "पायाला मुंग्या आल्यात. जरा चोळता का?" दुकानदाराची बायको चोळत बसली. तिला ते कळलं नाही, पण "हां, आता बरं वाटतंय" म्हणाली. मला वाटतं त्या बाईला वाईट वाटू नये म्हणून.

मग म्हणाली, अकरा वाजता एक मुलगी थिसिसच्या प्रती घ्यायला येणार आहे. दोन नंबरचं मशीन कागद तिरका ओढतं, दुकानातल्या पोराला एक नंबरवर काढायला सांगा. हे तिनं तीनदा सांगितलं. मी दुकानात निरोप दिला होता. त्या मुलीला प्रती मिळाल्या.

ॲम्ब्युलन्सला उशीर का होतोय ते तिनं विचारलं. मी फाटकाचं सांगितलं. तेव्हा तिला कळलं असावं. थोडी रडली. आवाज न करता. मी डोकं धरलं होतं, त्यामुळे डोळे पुसता येईनात. ते दुकानदारानं पुसले.

मग तुमच्याबद्दल बोलली. "घरी माझी मोठी बहीण आहे. आज ती नक्की पंखा पुसायला स्टुलावर चढली असणार. मी नको म्हटलं की मुद्दाम चढते. तिला सांगायला कोण जाणार?" मी म्हटलं, मीच जाईन. तर म्हणाली, "मग तिला आधी खाली उतरवा. उभं राहून ऐकायची सवय आहे तिला, पण बसवा. आणि गोलगोल बोलू नका, तिला चीड येते. पटकन झालं म्हणून सांगा. मला काही कळलं नाही म्हणा. नाहीतर ती जन्मभर मिनिटं मोजत बसेल, गणिताची आहे ती." हे म्हणताना हसली. मी "सांगते" म्हटलं. तिनं "नक्की?" विचारलं. मी "नक्की" म्हटलं. त्यानंतर ती काही बोलली नाही. चार-पाच मिनिटांनी गेली. फाटक तेव्हाच उघडलं.

मी पेट्रोल पंपावर बाही धुतली आणि तुमच्याकडे आले.

तुम्ही साहेबांना लिहिलं होतं, बाईंना माणसाशी कसं बोलावं याची उपजत जाण आहे. ती जाण माझी नव्हती. सगळं तिनं शिकवून पाठवलं होतं. आणि मी तिला दिलेला शब्द एप्रिलमध्ये, माझी सुटका व्हावी म्हणून, तुमच्यावर फेकून मारला. सहा वर्षांत किती घरी गेले, कोणाला मुद्दाम दुखवलं नव्हतं. तुम्हालाच पहिल्यांदा.

आता पाकीट पेटीत टाका. मी काही म्हणणार नाही.

हवालदार


८ जून

बाळ,

आता तुला अहो-जाहो करणं जमेना. चालवून घे.

धाकटीचं हे नेहमीचंच. मला काय झेपेल आणि काय नाही, हे ती ठरवायची. आईच्या आजारपणातही डॉक्टरांना दाराबाहेर गाठून पढवायची. माझ्यासाठी ती खोटं बोलली आणि तूही बोललीस. दोघी एका माळेच्या. तू ते पत्र ज्या रीतीनं लिहिलंस, त्याबद्दल माफ केलंय का, ते अजून ठरलेलं नाही. ठरेल तेव्हा कळवीन. पण आता मी मिनिटं मोजत नाही. वीसच्या वीस माझ्याकडे आली आहेत, त्यांत काय काय झालं ते मला माहीत आहे. मोजायचं ते न कळलेलं असतं.

तक्रार फाडली. आणि रिक्षा करून तुझ्या साहेबांकडे गेले.

साहेबांनी चहा मागवला. तुझी खूप स्तुती केली. "ती दगडासारखी घट्ट आहे हो, तिला काही होत नाही."

मी म्हटलं, "तिनं अर्ज दिला होता ना?"

"अर्ज सगळेच देतात."

"तुम्ही स्वतः किती घरी गेलात असा निरोप घेऊन?"

साहेबांनी बशीतला कप सारखा केला. "एकदा गेलो होतो. सुरुवातीला."

"मग?"

"मग नाही जमलं."

मी त्यांना रस्त्यावरच्या वीस मिनिटांचं सांगितलं. त्यांना माहीतच नव्हतं. तू रिपोर्टात 'घटनास्थळी उपस्थित' एवढे दोन शब्द लिहिले होतेस. म्हटलं, "जिच्या मांडीशी माणूस गेलं, तीच बाही धुऊन माझ्याकडे सांगायला आली. तिच्यामागून कोणी आलं? तिला घरी कोणी सोडलं?" मग मी म्हटलं, "माझं पत्र परत द्या." त्यांना समजेना. म्हटलं, "काचेखालचं. ते मी शाबासकी म्हणून दिलं होतं, तुम्ही त्याचं कुलूप केलंत."

शेवटी त्यांनी काच उचलली, शिपायानं दुसरी बाजू धरली, आणि पत्र काढून दिलं. आता ते माझ्या कपाटात आहे. काही होईल का ते मला सांगता येत नाही. माणूस वाईट वाटला नाही. तोही कुठेतरी अडकलेला असावा.

तुझी,
बाई


३० ऑगस्ट

बाई,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण बरं चाललं होतं आणि बरं चाललंय हे लिहायला भीती वाटत होती.

साहेबांनी जूनअखेर यादी काढली. निरोपाला दोघं जातील, आळीपाळीनं, सहा जणांत. यादीत पाचवं नाव त्यांचं स्वतःचं. मला सहा महिने सूट आणि हरवलेल्या वस्तूंच्या टेबलावर ड्यूटी. छत्र्या, चष्मे, एकदा कोणाची तरी कवळी. लोक वस्तू मिळाली की हसून जायचे. मला ते हसणं नवीन होतं, मी बघत बसायचे.

सोमवारी दुपारी साहेब माझ्या टेबलापाशी आले. एका लाँड्रीवाल्या बाईंचा नवरा इमारतीच्या कामावर पडून गेला होता. यादीप्रमाणे दोघं हवालदार गेले होते आणि पाऊण तास तिच्या घराखाली उभे होते. वर जायचं धाडस होईना. ती बाई वरच्या खिडकीतून त्यांच्याकडे बघत होती. साहेब म्हणाले, "मी हुकूम देत नाहीये. विचारतोय. नाही म्हटलंस तर मी जातो."

बाई, मी नाही म्हणू शकत होते. यादी माझ्या बाजूनं, साहेब माझ्या बाजूनं. सहा वर्षं वाटायचं की मला धरून ठेवलंय. खात्यानं, साहेबांनी, तुमच्या पत्रानं. त्या दुपारी कोणीच धरलं नव्हतं. आणि मला फक्त खिडकीतली ती बाई दिसत होती, पाऊण तास. चष्म्यांचा खण बंद करून मी उठले. सुटका नाही हे मला तेव्हा कळलं. ती मागायची कोणाकडे? धरणारी आता मीच उरले होते.

साहेब खाली गाडीत थांबले नाहीत, वर आले. मी सांगितलं. ती मुलगीच होती हो, पंचवीस-सव्वीसची. तिनं मला मारलं, छातीवर, दोन्ही मुठींनी. मी मारू दिलं. साहेब तिच्यासाठी पाणी शोधत होते आणि त्यांना पेला सापडत नव्हता. तिची आई येईपर्यंत आम्ही दोघं थांबलो.

मग साहेबांनी मला घरी आणलं. दारापर्यंत. नवऱ्याला म्हणाले, "आज हिला काही विचारू नका."

नवऱ्यानं माझ्या हातातली पिशवी घेतली. मग म्हणाला, "साहेब, सहा वर्षं नाही विचारलं. मला वाटायचं, न विचारणं म्हणजेच तिला सांभाळणं." साहेब जिना उतरून गेले.

पुढच्या महिन्याच्या यादीत माझं नाव आहे. मीच लिहायला सांगितलं. महिन्यातून एकदा, जोडीनं, त्याहून जास्त नाही. हे मी सुखानं लिहीत नाहीये, पण लिहितेय.

त्या दिवशी नवऱ्यानं खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसला आणि विचारलं, "कोण होती ती?" मी म्हटलं, लाँड्रीचं दुकान आहे तिचं. तो म्हणाला, "पुढे?" मी सांगायला लागले. थोड्या वेळानं पाहिलं तर मुलगी आतल्या दारात उभी राहून ऐकत होती. तिला आत जा म्हणायला मी तोंड उघडलं, आणि म्हटलं, "ये, बस."

तुमची,
हवालदार